गराडेबाईंची चार वाक्यं

लिहिलेलं वाचून दाखवायला लागलं की गराडेबाई डोळे मिटून घ्यायच्या. कागद समोर ठेवला तरी त्याच्याकडे बघायच्या नाहीत. "ऐकणाऱ्याच्या हातात कागद असतो का?" असं म्हणायच्या आणि डावा कान पुढं करून बसायच्या. उजव्यानं त्यांना जरा कमी ऐकू यायचं. वाचता वाचता त्यांचे डोळे उघडले, की समजायचं, वाक्य फसलं.

कामशेतच्या बाजारपेठेमागं, तांदळाच्या गोदामावरच्या दोन खोल्यांत आमचं छोटं रेडिओ केंद्र होतं. एका संस्थेनं चालवलेलं, मावळातल्या थोड्याशाच गावांत ऐकू जाणारं. मी घोरावाडीहून सकाळच्या लोकलनं यायची. नुकतीच पदवी घेतली होती आणि आपल्याला मराठी चांगलं लिहिता येतं अशी माझी समजूत होती. बाई तेव्हा साठीच्या पुढं होत्या. तीस वर्षं त्यांनी शहरात रेडिओच्या बातम्या लिहिण्यात घालवली, तीही रोजंदारीवर बोलावल्यासारखी. काम असेल त्या दिवशी बोलावणं यायचं. कायम त्यांना कुणी केलं नाही. याबद्दल त्या एक अक्षर बोलायच्या नाहीत. लग्न केलं नव्हतं. कामशेतला एक खोली घेऊन एकट्या राहायच्या. भावाचं घर आणि शेती पवनेच्या बाजूला, तिकडं सणावाराला जायच्या.

आमच्यासारख्या छोट्या केंद्राला स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगी नसते. पाणी कधी येणार, वीज कुठं जाणार, रस्ता कुठला बंद, पाऊस किती, दाखले कुठं मिळणार, एवढी परिसराची माहिती तेवढी देता येते. केंद्रप्रमुख दिलीप सर स्वभावानं भित्रे, पण भले. 'बातमी' हा शब्द केंद्रात कुणी वापरू नये, असा कागदच त्यांनी दारावर चिकटवला होता. बाईंनी तो शांतपणे वाचला आणि म्हणाल्या, "नाव काय द्यायचं ते द्या सर. लिहायची बातमीसारखीच."

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला पाण्याची सूचना लिहायला दिली. मी लिहिलं, की देखभाल-दुरुस्तीच्या कारणास्तव उद्या गुरुवार रोजी परिसरातील पाणीपुरवठा खंडित करण्यात येणार असल्याचे संबंधित विभागाकडून कळविण्यात आले असून नागरिकांनी सहकार्य करावे. मला ते फार भारदस्त वाटलं. बाई उठल्या. मला हाताला धरून खाली गोदामात घेऊन गेल्या. तिथं सखूमावशी आणि आणखी तिघी तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"मावशी, ही पोरगी काय वाचतीय ते ऐका," बाई म्हणाल्या. मी वाचलं. सखूमावशीचा हात सुपात थांबला. तिनं माझ्याकडं बघितलं, मग बाईंकडं बघितलं.

"म्हंजी पानी येनार का न्हाई?"

बाकीच्या तिघी हसल्या. बाई हसल्या नाहीत. वर आल्यावर माझ्याच कागदाच्या मागं त्यांनी लिहिलं: उद्या गुरुवारी कामशेतमध्ये नळाला पाणी येणार नाही. पाइपाची दुरुस्ती आहे. शुक्रवारी सकाळी पाणी येईल. आजच भरून ठेवा.

"वाचणाऱ्याचा डोळा मागं जाऊन पुन्हा वाचतो," त्या म्हणाल्या. "कानाला मागं जाता येत नाही. एकदा निसटलं की निसटलं. म्हणून एका वाक्यात एकच गोष्ट सांग. दुसरी आली की पूर्णविराम दे आणि नवं वाक्य धर."

त्या दिवसापासून माझं लिहिलेलं प्रत्येक पान आधी सखूमावशीकडं जायचं. ऐकून ते तिला तिच्या शब्दांत सांगता आलं, की पास.

बाईंचं शिकवणं असं चालता चालताच असायचं. कोण म्हणालं ते आधी सांगायचं, काय म्हणालं ते मग. 'वरील' आणि 'खालील' लिहायचं नाही, कारण रेडिओत वरखाली काही नसतं. मोठा आकडा असेल तर जवळचा सोपा आकडा घ्यायचा. वाक्य एका पानावरून दुसऱ्या पानावर जाऊ द्यायचं नाही. पान उलटताना वाचणाऱ्याचा श्वास अडकतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं, काहीतरी लपवलं. विशेषणांवर त्यांचा दातच होता. एकदा मी 'दुर्दैवी मृत्यू' लिहिलं. "'दुर्दैवी' काढ," त्या म्हणाल्या. "मेलेलं माणूस कधी सुदैवी असतं का?"

मनगटावरचं घड्याळ त्या आतल्या बाजूला बांधायच्या, म्हणजे कागद धरल्याधरल्या सेकंदकाटा दिसायचा. नावांच्या बाबतीत तर त्या लोकांचा छळ करायच्या. गावाचं नाव नेमकं कसं उच्चारतात हे विचारायला त्या त्या गावात फोन लावायच्या. एका सरपंचांना त्यांनी आडनावात 'ल' आहे का 'ळ', एवढंच विचारायला सलग तीनदा फोन केला. तिसऱ्या वेळेला ते वैतागले. "बाई, तुमाला दुसरं काम न्हाई का?"

"न्हाई," बाई म्हणाल्या, आणि उत्तर मिळेपर्यंत फोन ठेवला नाही. एरवी त्या पुण्याच्या माणसांसारखं बोलायच्या, पण असा कुणी समोर आला की त्यांची गावाकडची भाषा आपोआप बाहेर यायची.

या सगळ्याच्या वर त्यांचा एक नियम होता. दोन ठिकाणांहून खात्री झाल्याशिवाय काहीही प्रसारित करायचं नाही. मला तो नियम जाचायचा. एकदा घाटात ट्रक उलटून रस्ता बंद झाल्याचा फोन आला. फोन करणारा तिथंच उभा होता. मी म्हटलं, तो डोळ्यांनी बघतोय, आणखी कुणाला विचारायचं? बाईंनी तरीही दुसऱ्या माणसाला गाठलं, आणि सूचना पंधरा मिनिटं उशिरा गेली. मी तोंड पाडून बसले. दुपारी डबा खाताना त्यांनी मला त्यांची गोष्ट सांगितली. ती त्यांनी मला एकदाच सांगितली.

शहरात कामाला लागून त्यांना दोन वर्षं झाली असतील. हमरस्त्यावर अपघात झाला. एका माणसानं फोनवर चालकाचं नाव सांगितलं. बातमीपत्राला दहा मिनिटं उरली होती. बाईंनी नाव लिहिलं आणि ते वाचलं गेलं. नाव चुकीचं होतं. तो चालक त्या दिवशी गाडीवर नव्हताच, दुसरा होता. पण त्याच्या गावात त्याच्या बायकोनं रेडिओवर नाव ऐकलं. आयाबाया जमल्या. तिच्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं. दिवस मावळायच्या आत नवरा चालत घरी आला.

"दोन दिवसांनी तो केंद्राच्या फाटकाशी आला," बाई म्हणाल्या. "मला वाटलं, मारील. त्यानं हातही उचलला नाही. म्हणाला, मी जिता हाय, एवढं सांगा रेडूवर. बायकू माझ्याकडं भूत बघितल्यावानी बघतीय. रेडूनं सांगितलं की तिला पटंल."

"मग सांगितलंत?"

"शेवटी एका ओळीत सांगितलं. तिनं ऐकलं की नाही, ते कळलं नाही." त्यांनी भाकरीचा तुकडा डब्यात परत ठेवला. "तेव्हापासून मी दोघांना विचारते."

त्यानंतर मी कधी वाद घातला नाही. तो नियम माझाही झाला.

चार वर्षं अशी गेली. मग तो पावसाळा आला. आठ दिवस सूर्य दिसला नव्हता. इंद्रायणी पात्राबाहेर होती, भातखाचरं एकमेकांत मिसळून गेली होती. आम्ही दिवसातून सहादा पावसाची माहिती देत होतो. डोंगरातल्या एका कातकरी वाडीत वीज कधी असायची, कधी नसायची, आणि मोबाइलला तर रेंज अजिबात नव्हती. त्या वाडीला संस्थेनं सेलवर चालणारे दोन रेडिओ दिले होते. वाडीचं नाव मी इथं लिहीत नाही.

त्या दिवशी सकाळी साडेदहाला फोन आला. फोनवर त्याच वाडीचा बाळू हिलम होता. खाली एका गुलाबाच्या पॉलिहाउसमध्ये तो कामाला होता. रेडिओ द्यायला गेलो तेव्हा त्याला आम्ही एकदा भेटलो होतो, केंद्राचा नंबरही दिला होता. फोन मीच घेतला आणि स्पीकरवर टाकला.

"ताई, वाडीच्या वर डोंगराला भेग पडलीय. सकाळी येताना बगितली. आता हितनं बगतोय तर झाडं वाकडी झाल्याती. रेडूवर सांगा, खालच्या घरांना निगायला सांगा. मी चाललोय वर, पन मला तास लागंल."

एवढं बोलून तो निघाला. नंतर त्याचा फोन लागला नाही.

दिलीप सर भित्रे म्हटले ना मी. पण त्या दिवशी तेच म्हणाले, "बाई, देऊन टाकू. जे होईल ते माझ्यावर."

बाईंनी हात वर केला. "थांबा. एकाचाच फोन आहे. खोटं निघालं तर एवढ्या पावसात म्हाताऱ्याकोताऱ्या, पोरंबाळं बाहेर पडतील. ओढ्याला पाणी आहे. मी पाच मिनिटांत विचारते."

मला तेव्हा ते बरोबर वाटलं. हे मला सांगायलाच हवं.

त्यांनी तलाठ्यांना फोन लावला. घंटा वाजत राहिली. खालच्या गावच्या पोलीस पाटलांना लावला, लागला नाही. तालुक्याच्या कार्यालयाचा फोन सारखा व्यग्र होता. ग्रामसेवक मिळाले. ते म्हणाले, माणूस पाठवतो, बघून सांगतो. फोन लावता लावता बाईंनी एका हातानं चार वाक्यं लिहिली. वाडीच्या वर डोंगराला भेग पडली आहे. खालच्या घरांतल्या सगळ्यांनी आत्ताच बाहेर पडा. ओढ्याकडे जाऊ नका, शाळेकडे जा. म्हाताऱ्या माणसांना आणि लेकरांना आधी न्या.

कागद माझ्यापुढं होता. मायक्रोफोन माझ्यापुढं होता. पाच मिनिटांची दहा झाली, दहाची वीस. सर दोनदा म्हणाले, "बाई." दुसऱ्या वेळेला बाई म्हणाल्या, "ग्रामसेवकांचा येईलच आता."

फोन आला तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. ग्रामसेवकांचा आवाज ओळखू येत नव्हता. खालची तीन घरं गेली होती.

तिघी गेल्या. एक सहा वर्षांची मुलगी, तिची आई आणि बाळूची आई. बाकीची माणसं बाजूच्या उंचवट्यावरच्या घरांत होती म्हणून वाचली. बाळू वाडीत पोचला तेव्हा सगळं होऊन गेलं होतं.

दुपारी बाराचं माहितीपत्र बाईंनी स्वतः लिहिलं. तहसीलदारांनी सांगितलं, अशी सुरुवात केली. नावं दिली, वयं दिली. एकही विशेषण नव्हतं. बाळूच्या आईच्या नावाचा उच्चार त्यांनी ग्रामसेवकांना दोनदा विचारला. मी वाचलं. खाली गोदामातल्या बायकांचं निवडणं थांबलं होतं. सखूमावशी जिन्यात येऊन उभी होती.

मग बाईंनी ती चार वाक्यं घेतली. केंद्रात प्रत्येक पानावर वाचल्याची वेळ लिहून सही करायची पद्धत होती. त्या पानावर त्यांनी लिहिलं, 'प्रसारित नाही'. सही केली आणि ते फाइलला लावलं.

बाई रडल्या असत्या तर आम्ही काही करू शकलो असतो. त्या रडल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी वेळेवर आल्या. दिलीप सरांनी त्यांना समजावलं, की नियमाप्रमाणेही असली धोक्याची सूचना तालुक्याच्या कार्यालयाकडून आल्याशिवाय आपल्याला देता येत नव्हतंच. बाई म्हणाल्या, "तुम्ही देणार होता सर."

महिनाभरानं बाई मला म्हणाल्या, "बाळूकडं जायचंय. येतेस?" उरलेल्या माणसांना रस्त्याकडेला पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलं होतं. आत उभं राहिलं की डोकं पत्र्याला लागत होतं. बाळूच्या बायकोनं कोरा चहा दिला. मग बाईंनी सगळं सांगितलं. फोन आल्यावर आपण काय केलं, सर काय म्हणाले, आपण का थांबलो, किती मिनिटं गेली. बातमी सांगावी तसं, एका वाक्यात एक गोष्ट.

बाळूनं खाली बघतच ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बाई, तुमी सांगितलं आसतं तरी कुनाला ऐकू आलं नसतं. रेडूचं सेल कवाच संपलं व्हतं. दोनीबी रेडू बंदच व्हते."

"कधीपासून?"

"लय दिवस झालं. सेल आनायला कोन जातंय खाली?"

"पण मग तू फोन का केलास?"

बाळूनं चहाची बशी जमिनीवर ठेवली. "कुनाला करायचा व्हता बाई? दुसऱ्या कुनाचा नंबरच नव्हता माझ्याकडं."

परत येताना जीपमध्ये बाई खिडकीशी बसल्या होत्या. बाहेर बघत म्हणाल्या, "मंगल, तो खरं बोलला, की मला बरं वाटावं म्हणून बोलला?"

मी म्हटलं, "खरंच बोलला असेल."

"खरं असेल तर आपण चार वर्षं कुणासाठी लिहिलं? आणि खोटं असेल तर..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. दुसऱ्या कुणाला विचारू का, असं मी म्हटलं. वाडीतलं कुणीही रेडिओ चालू होते की बंद, ते सांगू शकलं असतं. पण बाईंनी विचारलं नाही आणि मलाही विचारू दिलं नाही. आयुष्यात एवढी एक गोष्ट त्यांनी खात्री न करता तशीच ठेवली.

नंतर केंद्रात दोन नव्या मुली आल्या. बाई त्यांना शिकवायला बसल्या. एकीनं साधाच प्रश्न विचारला, "मॅडम, एखाद्या गावातून एकाच माणसाचा फोन आला आणि दुसरीकडून कळायला वेळ लागणार असेल, तर द्यायचं की थांबायचं?"

बाई तिच्याकडं बघत राहिल्या. मुलीला वाटलं, प्रश्न चुकला. तिनं वही मिटली.

"मला माहीत नाही," बाई म्हणाल्या. त्या उठल्या आणि त्या दिवसानंतर त्यांनी कुणाला शिकवलं नाही.

येत मात्र राहिल्या. त्यांच्या टेबलावर कागद जायचे आणि सही होऊन परत यायचे. एकदा त्यातला एक मी वाचला. 'खंडित करण्यात येणार असल्याचे कळविण्यात आले असून' असं त्यात होतं. खाली बाईंची सही होती. मी कागद घेऊन त्यांच्याकडं गेले. "बाई, हे असंच जाऊ द्यायचं?" त्या म्हणाल्या, "जाऊ दे." सखूमावशीकडं वाचून दाखवणं कधी बंद झालं, ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. मावशीनं एकदा विचारलं, "आता न्हाई का वाचीत काई?" मी म्हटलं, वेळ नसतो.

पुढच्या वर्षी संस्थेनं केंद्र बंद करायचं ठरवलं. परवान्याचं नूतनीकरण करण्यात आता अर्थ नाही, सगळ्यांच्या हातात मोबाइल आहे, असं वरून कळवलं. शेवटच्या दिवशीचं निवेदन बाईंनी लिहावं, असं सरांच्या मनात होतं. बाईंनी कागद माझ्याकडं सरकवला. "तूच लिही." मी लिहिलं आणि सवयीनं त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी डोळे मिटले नाहीत. समोरच्या भिंतीकडं बघत सगळं ऐकलं. दुसरं वाक्य फार लांब झालं होतं, मला वाचतानाच कळलं. त्या म्हणाल्या, "चांगलं आहे."

संध्याकाळी पाचला मी ते वाचलं. कुणाचाही फोन आला नाही. आठवड्याभरात खोल्या रिकाम्या झाल्या. फायली रद्दीत गेल्या, त्यात त्या चार वाक्यांचं पानही गेलं. आता तिथं तांदळाचीच पोती असतात.

मी लोणावळ्यात एका हॉटेलच्या काउंटरवर लागले. बाई कामशेतची खोली सोडून भावाकडं गेल्या. मी दोनदा फोन केला. बोलणं फारसं झालं नाही. तिसऱ्या वेळेला मी सरळ गावालाच गेले. रविवार होता. बाई पडवीत बसून वाल सोलत होत्या. मला बघून त्यांना आनंद झाला असावा, पण चेहऱ्यावर तो फार वेळ टिकला नाही. जेवायला थांबवलं. भावजयीनं मासळीचं कालवण केलं होतं. बाईंनी माझ्या कामाबद्दल विचारलं, घरच्यांबद्दल विचारलं. मी कामशेतचा विषय काढला तेव्हा म्हणाल्या, "सखूमावशीचे गुडघे कसे आहेत?" एवढंच.

निघताना माझ्याबरोबर रस्त्यापर्यंत आल्या. जीप लवकर येईना. पवनेच्या काठी तंबूत राहायला आलेल्या लोकांच्या गाड्या एकामागून एक परत चालल्या होत्या. आम्ही रस्त्याच्या कडेला उभ्या होतो. मी म्हटलं, "तळेगावच्या एका कॉलेजात रेडिओचं लेखन शिकवायला माणूस हवंय. तुमचं नाव सांगू का?"

"नको," त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाल्या, "नको गं."

जीप आली. बाईंनी चालकाला सांगितलं, "हिला स्टेशनला सोड, अलीकडं उतरवू नकोस." मी मागच्या बाकावर बसले. जीप निघाली तेव्हा मागं वळून बघितलं. बाईंना घराकडं जायला रस्ता ओलांडायचा होता. एक मोठी गाडी जवळून गेली आणि चिखलाचं पाणी त्यांच्या लुगड्यावर उडालं. त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि गाड्या संपायची वाट बघत तिथंच उभ्या राहिल्या. गाड्या संपत नव्हत्या. आमची जीप वळणावर गेली तोवर त्या रस्त्याच्या अलीकडंच होत्या.